सेप्सिसमधील रक्तक्लथन : एका उपपत्तीची परीक्षा

अत्यवस्थ सेप्सिसरुग्णाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्यांत बिंबाणू व क्लथनघटक खर्ची पडल्यामुळे अन्यत्र रक्तस्राव संभवतो. परस्परविरुद्ध अशा या दोन आपत्ती एकाच देहात एकत्र नांदतात. यावरून एक आकर्षक उपपत्ती पुढे आली : क्लथनाला आवर घालणारी नैसर्गिक प्रथिने सेप्सिसमध्ये क्षीण होतात, ती बाहेरून पुरविल्यास रुग्ण वाचेल. यातील निदान निर्विवाद आहे. त्यावरून काढलेले उपचाराचे अनुमान मात्र तसे नाही.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोवेस’ चाचणीत १,६९० रुग्ण होते. सक्रियित प्रथिन-सी मिळालेल्यांपैकी २४.७ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ३०.८ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. चाचणी मध्येच थांबविण्यात आली होती, तिचे नियमही वाटेत बदलले होते. अमेरिकेतील सल्लागार समितीची मते दहा विरुद्ध दहा अशी विभागली. तरी त्याच वर्षी औषधास मान्यता मिळाली. पुढे ‘प्रोवेस-शॉक’ चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे २६.४ व २४.२ टक्के आले आणि २०११ मध्ये औषध मागे घेतले गेले. अँटिथ्रॉम्बिनची कथाही निराळी नाही. २००१ च्या ‘कायबरसेप्ट’ चाचणीत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ समान राहिले. रक्तस्राव मात्र १२.८ वरून २२ टक्क्यांवर गेला.

एवढ्यावरून उपपत्ती सर्वथा असत्य मानणे हाही उतावीळपणाच होय. या चाचण्यांत रुग्णांची निवड सेप्सिसवरून झाली होती, क्लथनविकृतीवरून नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०१९ च्या थ्रॉम्बोमोड्युलिन चाचणीने क्लथनविकृती असलेलेच रुग्ण निवडले, आणि तेथेही २६.८ व २९.४ टक्के हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही.

तात्पर्य, प्रयोगशाळेतील आकडा हा रोगाचा साक्षीदार आहे. तो स्वतः रोग नव्हे. म्हणूनच रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारण्यासाठी रक्तद्रव देऊ नये, असा संकेत रूढ झाला. बिंबाणू सामान्यतः दर मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली गेल्यावर द्यावेत. रक्तस्राव चालू असल्यास वा शस्त्रक्रिया करावयाची असल्यास ते ५०,००० च्या वर राखावेत. विरोधी कारण नसेल तर हेपारिनची प्रतिबंधक मात्रा द्यावी. या साऱ्याआधी, संसर्गाचे मूळ शोधून त्याचा निरास करावा. मूळ तसेच राहिले, तर क्लथनाची दुरुस्ती गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखी ठरते.