पात्रतेची रेषा आणि जागांची रेषा : विज्ञान प्रवेशपरीक्षांच्या गुणनियमांचे परीक्षण

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील गाव अहिल्यानगर–सोलापूर मार्गावर वसले असून बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्याची हद्द तेथून फार दूर नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या दृष्टीने या हद्दीस २०२० पर्यंत विशेष अर्थ होता. राज्याच्या वाट्यातील ७० टक्के जागा विभागवार राखलेल्या असत, उरलेल्या ३० टक्के राज्यभरातील उमेदवारांस खुल्या असत; आणि उमेदवाराचा विभाग त्याने बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून ठरे. मिरजगावच्या दोन भावंडांपैकी एकाने गावी व दुसऱ्याने आष्टीस बारावी केली, तर समान गुण असूनही एक उर्वरित महाराष्ट्राच्या आणि दुसरा मराठवाड्याच्या यादीत मोडे. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, म्हणून तेथील विद्यार्थ्यास अधिक गुण मिळवूनही प्रवेश दुरावतो, अशी तक्रार दीर्घकाळ होत राहिली व सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द करण्यात आले.

या उदाहरणाने एक गोष्ट स्पष्ट होते. कटऑफ हा विद्यार्थ्याच्या ज्ञानाचा गुणधर्म नव्हे. जागा जेथे संपतात तेथे उभ्या असलेल्या शेवटच्या उमेदवाराचा तो गुणांक होय. नियमांची भाषा हा भेद पुरेसा राखीत नाही, हाच तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

‘नीट’ परीक्षेत ७२० गुणांपैकी किती मिळाले असता उमेदवार पात्र, हे गुणांनी ठरत नाही. खुल्या वर्गास ५० वे व राखीव वर्गांस ४० वे पर्सेंटाइल अशी अट आहे. परिणामी खुल्या वर्गाची पात्रतारेषा २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर आली. जी रेषा समूहाबरोबर वरखाली होते ती किमान ज्ञानाची कसोटी कशी मानावी? शिवाय ही रेषा ओलांडणे म्हणजे शासकीय महाविद्यालयात जागा मिळणे नव्हे. तेथील कटऑफ तिच्या कितीतरी वर असतो. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात तर सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वच वर्गांसाठी पात्रतेचे पर्सेंटाइल शून्यावर आणले गेले. रिक्त जागा भरणे हा त्यामागील हेतू व्यवहार्य असेलही. परंतु परीक्षेस बसलेला प्रत्येकजण पात्र ठरतो तेव्हा ‘पात्रता’ या शब्दात अर्थ उरत नाही.

राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, हा घोटाळा दुसऱ्या रूपाने आढळतो. २०१९ पासून ती संगणकावर व अनेक सत्रांत घेतली जाऊ लागली आणि निकाल पर्सेंटाइलने लागू लागला. एखाद्या सत्रातील जितक्या उमेदवारांचे गुण त्या उमेदवाराइतके किंवा त्याहून कमी, त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे त्याचे पर्सेंटाइल. म्हणून ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. आणि १०० पर्सेंटाइल हे पूर्ण गुणांचे नव्हे, तर सत्रातील अग्रक्रमाचे चिन्ह आहे. एकूण पर्सेंटाइल ही विषयवार पर्सेंटाइलांची सरासरीही नसते. ते एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढले जाते. प्रश्नपत्रिका भिन्न असता गुणांची थेट तुलना अन्याय्य ठरली असती, हे खरे. या अंगाने पद्धत समर्थनीयच आहे. तथापि प्रत्येक सत्रातील उमेदवारसमूह सारख्याच कुवतीचा आहे, हे तिचे गृहीतक आहे, आणि तिचा न्याय त्या गृहीतकाइतकाच भक्कम आहे.

ऋणगुणांविषयीही असेच बोलावे लागते. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असल्याने, डोळे मिटून ४० उत्तरे दिली तर सरासरीने १० बरोबर येऊन ४० गुण मिळतील आणि ३० चुकून ३० गुण जातील. म्हणजे १० गुणांचा लाभच. अंदाज निष्फळ ठरावा अशी इच्छा असती तर दंड १ गुण व एक तृतीयांश ठेवावा लागला असता. अर्थात ही सरासरी होय. एखाद्याच्या वाट्यास तोटाही येईल. परंतु ‘ठाऊक नसेल तर प्रश्न सोडा’ हा सरसकट दिला जाणारा उपदेश नियमातून निघत नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तो स्पष्टच हानिकारक ठरतो. सीईटीत ऋणगुणच नसल्याने तेथे एकही प्रश्न कोरा ठेवण्यात अर्थ नाही.

हे सर्व गणित अवघड नाही. ते सांगितले जात नाही, एवढेच. शहरातील विद्यार्थ्यास ते शिकवणीवर्गात फी देऊन कळते. अवर्षणप्रवण कर्जत तालुक्यातील कुटुंबास मात्र मुलीला आणखी एक वर्ष परीक्षेस बसवावे की अन्य शाखेस घालावे, हा निर्णय निकालपत्रावरील एका आकड्यावरून घ्यावा लागतो. तो आकडा क्रम दाखवितो, आणि त्या घरात तो योग्यता म्हणून वाचला जातो. कटऑफ चुकलेली मुलगी नापास नसते. तिच्यापर्यंत जागा पोहोचलेली नसते. पात्रता, क्रम आणि प्रवेश या तीन गोष्टींस तीन स्वतंत्र शब्द देऊन त्या निकालपत्रावरच वेगळ्या दाखविणे नियमकर्त्यांस सहज शक्य आहे. त्यासाठी परीक्षा बदलावी लागत नाही; केवळ नियमाची भाषा प्रामाणिक करावी लागते.