जीर्ण पेशी : नुसता कचरा?

शरीरातील कचरा काढून टाकला की म्हातारपण लांबते, अशा आशयाचे लेख अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. कचरा म्हणजे जीर्ण झालेल्या पेशी आणि तो काढणे म्हणजे अशा पेशी मारणारी 'सेनोलायटिक' औषधे घेणे. ही उपमा वर्गात चटकन समजते. आमचा आक्षेप नेमका तिच्यावरच आहे. एखाद्या गोष्टीला कचरा म्हटले, की ती काढणे चांगलेच, हे प्रयोग करण्याआधीच ठरून जाते.

मूळ कल्पना भक्कम आहे, हे आधी मान्य करू. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. शरीरातही अशा थांबलेल्या पेशी असतात. त्या लगेच मरत नाहीत. दाह वाढवणारी रसायने सोडत राहतात. २०११ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अकाली म्हातारे होणाऱ्या उंदरांमधील अशा पेशी जनुकीय युक्तीने नष्ट केल्या, तेव्हा स्नायूंची झीज आणि मोतीबिंदू लांबणीवर पडले. २०१५ साली दोन द्रव्यांची जोडी पुढे आली. डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध, तर क्वेरसेटिन हे कांद्यात व सफरचंदात आढळणारे द्रव्य.

२०१८ साली या जोडीने म्हाताऱ्या उंदरांचे आयुष्य ३६ टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले. हा आकडा नीट वाचायला हवा. उपचार सुरू झाले तेव्हा हे उंदीर २४ ते २७ महिन्यांचे, म्हणजे आयुष्याच्या अखेरीला आलेले होते. वाढ मोजली ती केवळ उरलेल्या आयुष्यातली. जन्मापासूनच्या एकूण आयुष्याशी तुलना केली, तर ती १० टक्क्यांच्याही आत येते. निष्कर्ष खोटा नाही, पण भागाकारातला छेद बदलला की आकडा किती बदलतो, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता उपमेकडे वळू. २०१४ साली उंदरांवरील प्रयोगात दिसले, की जखमेच्या जागी तयार होणाऱ्या जीर्ण पेशी काढल्या तर जखम भरायला उशीर लागतो. २०२० साली उंदरांच्या यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून अशा पेशी काढल्यावर त्यांच्या जागी नव्या पेशी आल्या नाहीत. उलट यकृतात तंतुमय ऊती साठली. म्हणजे या पेशींपैकी काही उपद्रवी असतात, तर काही कामाच्या. कचऱ्याची उपमा हा फरक पुसून टाकते.

आणि माणसांचे काय? २०१९ साली फुफ्फुसाच्या एका गंभीर आजाराच्या १४ रुग्णांना वरील जोडी देण्यात आली. त्यांची चाल सुधारली, परंतु तुलनेसाठी औषध न दिलेला गटच नव्हता. २०२० साली गुडघ्याच्या संधिवाताच्या १८३ रुग्णांवर युनिटी बायोटेक्नॉलॉजी या कंपनीच्या वेगळ्या औषधाची चाचणी झाली. इथे तुलनेचा गट होता, आणि १२ आठवड्यांनी वेदनेत दोन्हींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. २०२४ साली रजोनिवृत्ती झालेल्या ६० स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. २० आठवड्यांनंतरही, डॅसॅटिनिब-क्वेरसेटिन घेणाऱ्या स्त्रियांच्या हाडांची झीज न घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेली नव्हती.

यावरून कल्पना फसली, असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या पेशी, कोणत्या अवयवात, किती आणि केव्हा काढायच्या, हे अजून ठरायचे आहे. मात्र घरोघरी गुडघे धरून बसणारी आजी-आजोबा मंडळी या उत्तराची वाट पाहत थांबत नाहीत. बातमी वाचून ती गोळीची चौकशी करू लागतात. डॅसॅटिनिबमुळे रक्तातील बिंबिका कमी होऊ शकतात, फुफ्फुसांभोवती पाणी साठू शकते, हे त्या बातमीत क्वचितच असते.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. अशी बातमी वर्गात आणावी आणि मुलांना तीनच प्रश्न विचारायला लावावेत : प्रयोग कोणावर झाला? तुलना कोणाशी केली? टक्केवारी कशाची? ही सवय लागलेली मुले घरी गेल्यावर आजीलाही हेच प्रश्न समजावून सांगतील.