नकाशावरची रेघ आणि पाण्यातला देवमासा

समुद्रातील सस्तन प्राण्यांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावून केलेल्या संशोधनाची बातमी येते, तेव्हा वाचकाच्या हाती बहुधा दोनच गोष्टी पडतात: नकाशावरची एक रेघ आणि एक विक्रमी आकडा. ही रेघ व हा आकडा मिळाला कसा, हे सांगायचे राहून जाते. आमची तक्रार नेमकी हीच आहे.

आपल्या किनाऱ्याशी संबंध असलेले उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या मसिरा आखातात हंपबॅक जातीच्या एका मादी देवमाशाला उपग्रह-टॅग बसवण्यात आला. तिचे नाव लुबान. अरबी समुद्र ओलांडून ती गोव्यासमोरच्या समुद्रात आली आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे गेली. नकाशावर ही रेघ सलग दिसते. टॅगने मात्र रेघ पाठवलेली नव्हती, ठिपके पाठवले होते. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फारशा जाऊ शकत नाहीत. त्यामुळे प्राण्याची पाठ पाण्याबाहेर येईल तेवढ्या क्षणांतच टॅग संदेश पाठवतो, आणि त्याच वेळी आकाशात उपग्रह असेल तरच तो टिपला जातो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरी ऐकू येते. संदेशाच्या वारंवारतेत पडणारा असाच फरक मोजून आर्गोस ही यंत्रणा टॅगची जागा ठरवते. पुरेसे संदेश मिळाले तर चूक काहीशे मीटरची असते. कमी मिळाले तर ती कित्येक किलोमीटरचीही असू शकते. दोन ठिपक्यांमधली रेघ आपणच ओढलेली असते.

एवढा कीस कशाला काढायचा, असे कोणी विचारेल. ओमानजवळच्या ह्या देवमाशांची संख्या २००४ पर्यंतच्या छायाचित्रांवरून अवघी ८२ च्या आसपास असावी असा अंदाज निघाला होता. जहाजांच्या धडकेपासून त्यांना वाचवायचे, तर त्यांची वाट आणि जहाजांची वाट कुठे छेदतात ते कळायला हवे. तेथे पाच-दहा किलोमीटरची चूक लहान नव्हे. शिवाय ह्या समूहातील देवमासा समुद्र ओलांडून आपल्याकडे येऊ शकतो, एवढेच लुबानने दाखवले. सगळेच तसे येतात, हे एका मादीवरून सिद्ध होत नाही.

आता आकड्याकडे वळू. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन ह्यांनी अंटार्क्टिकातील वेडेल सीलच्या बुड्या मोजण्यासाठी स्वयंपाकघरातला तासाभराचा टायमर वापरून खोलीमापक तयार केला. आजच्या टॅगमध्ये दाब मोजणारा संवेदक असतो. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो, त्यावरून खोली कळते. दक्षिण कॅलिफोर्नियाजवळ क्युव्हिअरच्या चोचवाल्या देवमाशांना लावलेल्या आठ टॅगांच्या नोंदी २०१४ साली प्रसिद्ध झाल्या. सर्वांत खोल बुडी २,९९२ मीटर आणि सर्वांत दीर्घ बुडी १३७.५ मिनिटे! सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हेच दोन आकडे जातात. परंतु ३,७०० तासांहून अधिक काळाच्या त्याच नोंदींत खोल बुड्यांची सरासरी सुमारे १,४०० मीटर व ६७ मिनिटे आहे. विक्रम शरीराची मर्यादा सांगतो. प्राणी रोज कसा जगतो ते सरासरी सांगते. प्राणी एवढा खोल कशासाठी जातो, हे तर नुसत्या खोलीवरून कळतच नाही. त्यासाठी आवाजही नोंदवणारे टॅग लागले. भक्ष्य टप्प्यात येताच देवमाशाचे टकटक आवाज एकमेकांना चिकटून गुणगुण झाल्यासारखे ऐकू येतात, ते त्यांनी टिपले.

तिसरी राहून जाणारी बाब म्हणजे प्राण्याने मोजलेली किंमत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ राहणाऱ्या, शंभराहूनही कमी उरलेल्या ओर्कांपैकी एल-९५ ह्या नराला फेब्रुवारी २०१६ मध्ये काटेरी टोकांचा टॅग लावला गेला. पाच आठवड्यांनी तो मृत सापडला. मृत्यूस बुरशीचा संसर्ग कारणीभूत ठरला आणि टॅगच्या जखमेतून तो शिरला असण्याची शक्यता तज्ज्ञांनी मान्य केली. हा टॅग आधी समुद्रात पडला होता आणि नंतर त्याचे निर्जंतुकीकरण नियमाप्रमाणे झाले नव्हते. त्यानंतर तेथील टॅग लावण्याचे काम थांबवण्यात आले.

ह्यावरून टॅग वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. ते नसते तर लुबान गोव्यापर्यंत आल्याचे कळलेच नसते. आमचे म्हणणे एवढेच, की मापनासोबत मापनाची रीत, त्यातील चूक आणि त्याची किंमतही सांगितली पाहिजे. शिक्षकांनी असा नकाशा वर्गात दाखवताना रेघ वगळून फक्त ठिपके फळ्यावर काढावेत आणि विद्यार्थ्यांना ते जोडायला सांगावेत. प्रत्येकाची रेघ थोडी वेगळी येईल. मग विचारावे: प्राणी किती होते? नोंदी किती दिवसांच्या? चूक किती? आणि त्या प्राण्याचे पुढे काय झाले? असे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला विक्रमी आकडा पाठ नसला तरी आमची हरकत नाही.