मनाईच्या यादीतील शब्द

गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी एक फर्मान काढले. अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द गोवा इन्क्विझिशन' या इंग्रजी ग्रंथामुळे ते वाचकांसमोर आले. धार्मिक जुलमाचा पुरावा म्हणून ते वाचले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु तेवढ्यावर थांबले तर त्या लेखातील मोठा ऐवज हातचा निसटतो, असे आम्हांस वाटते.

या फर्मानात धर्मसिद्धान्तांची चर्चा जवळजवळ नाही. त्याची दृष्टी वळली आहे ती घर आणि अंगण यांकडे. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्रीचे जागरण नको. लग्नकार्यात फुले, विडा, सुपारी पाठवणे नको. वधूवरांना हळद आणि नारळाचा रस लावणे नको. बायकांनी ओव्या गाणे नको. माणूस गेल्यावर घर शेणाने सारवणे नको. जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही उंबरठ्यांवर पहारा बसवलेला दिसतो. ज्याची मनाई करायची त्याचे नाव आधी घ्यावे लागते. त्यामुळे मिटवण्यासाठी केलेली ही यादीच त्या काळच्या लोकाचाराची नोंदवही ठरली.

या नोंदवहीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. तिला वस्तू दिसते, भाव दिसत नाही. हळद कोणी लावली, ओवी कोणत्या क्षणी म्हटली, हे ती सांगत नाही. एका वस्तूला एकच अर्थ असतो, हे तिचे गृहीतक आहे. इतिहासाने ते खोटे ठरवले. इन्क्विझिशन १८१२ साली संपुष्टात आले. रोस मात्र आजही गोव्याच्या कॅथलिक घरांत लागतो. आधी प्रार्थना होते, मग नारळाचा रस अंगाला लागतो आणि गाणी रंगतात. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन समाजात लग्नाआधी वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणतात. आचार टिकला, अर्थ नवा झाला.

शब्दांची साक्षही पाहण्यासारखी आहे. कोकणीतील 'काजार' पोर्तुगीज 'काझार'वरून आला, 'सिमितेर' 'सेमितेरियु'वरून. परंतु मांडवाला 'माटव' आणि रसाला 'रोस' हेच शब्द राहिले. हा काही नियम नव्हे, कारण 'लग्न'ही टिकून आहे. तरी वेदी आणि दफनभूमी यांच्या परिसरात परका शब्द रुजला आणि अंगणात आपला शब्द टिकला, एवढे म्हणता येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज जाहीर केला, त्याने ही दृष्टीच पालटली. लोकांच्या चालीरीतींत अंधश्रद्धेशी अतूटपणे जखडलेले नसेल ते सहानुभूतीने पाहावे, असे त्याचे ३७ वे कलम सांगते. ७७ वे कलम विवाहविधी स्थानिक रूढींना अनुसरून घडवण्याची मुभा देते, तर ८१ वे कलम अंत्यविधीत प्रादेशिक परंपरांची दखल घ्यायला सांगते.

असे असता आपले लेखन काय करते? स्नानसंस्कार, विवाहसंस्कार, अंत्यविधी हे शब्द सुबक आहेत आणि मंदिरात ते हवेतच. परंतु ते मंदिरात घडते तेवढ्याचीच नावे आहेत. आदल्या रात्री मांडवात जे घडते, जे बहुतांशी स्त्रियांच्या तोंडी आणि हाती असते, ते आपल्या लेखांत 'पारंपरिक कार्यक्रम' या दोन शब्दांत आटोपते. फर्मानाने नाव घेऊन मनाई केली. आपण मनाई न करता नाव गाळतो. परिणामाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक घातक आहे, कारण मनाईचा निदान कागद तरी उरतो.

म्हणून गाणे मिळेल तेथे ते कोणत्या गावचे, विधीच्या कोणत्या पायरीवर म्हटले जाते आणि त्या पायरीला घरातल्या वडीलधाऱ्या बायका काय म्हणतात, हे लिहून ठेवावे. १७३६ च्या यादीत जे शब्द आले ते विरोधकाच्या लेखणीतून आले. उरलेले आपल्या लेखणीतून यावेत, एवढीच अपेक्षा.