वस्तू, छायाचित्र आणि साक्ष : भोपाळचे स्मृतिसंग्रहालय व पीथमपूर

प्रस्तावना :
स्थानिक इतिहासाची साधने म्हणून शिलालेख, फर्माने व वास्तू यांना अभ्यासकांनी मान दिला. धार जिल्ह्यातील मांडूच्या वास्तूंवर गुलाम याझदानी यांनी १९२९ मध्ये लिहिलेला ग्रंथ याच परंपरेतील आहे. परंतु ज्यांच्या नावे शिलालेख नाहीत, अशा कामगारांचा व वस्तीतील कुटुंबांचा इतिहास कशावरून लिहावा? भोपाळच्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयाने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे.

संग्रहाची पद्धत :
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. डिसेंबर २०१४ मध्ये वायुपीडितांच्या सहभागातून हे संग्रहालय उभे राहिले. त्यात मृतांच्या नित्य वापरातील वस्तू व छायाचित्रे मांडण्यात आली. सोबतच्या टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला की पीडितांची साक्ष त्यांच्याच आवाजात ऐकू येते. शासनाचा वा कंपन्यांचा पैसा न घेण्याचे धोरण संस्थापकांनी ठरविले.

मूल्यमापन :
रघू राय यांनी टिपलेले बालकाच्या दफनाचे छायाचित्र जगभर पोहोचले. ते बालक मात्र अनामिकच राहिले. संग्रहालयातील वस्तूला घर आहे, नाते आहे आणि सांगणारा आहे. हे या पद्धतीचे मोठे बळ होय. तथापि तीस वर्षांनंतरच्या आठवणीत तपशील सरमिसळ होतात. शिवाय हा संग्रह न्यायाच्या लढ्यातून जन्मला असल्याने निवडीवर त्या भूमिकेची छाप राहणारच. म्हणून प्रत्येक साक्ष रुग्णालयाच्या व न्यायालयाच्या कागदपत्रांशी ताडून पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

पीथमपूरचा प्रश्न :
ही कहाणी भोपाळात संपली नाही. जानेवारी २०२५ च्या प्रारंभी कारखान्यातील ३३७ टन घातक कचरा पीथमपूरला आणण्यात आला. ३ जानेवारीला तेथे बंद व निदर्शने झाली. जूनअखेर तो कचरा जाळून झाला. टनांचा हिशेब सरकारी दप्तरात राहील. लगतच्या तारपुरा गावातील माणसांची भीती, पाण्याविषयीची शंका व त्या दिवसांच्या आठवणी कोणत्या दप्तरात राहणार?

निष्कर्ष :
भोपाळात संग्रहालय उभे राहण्यास तीस वर्षे लागली; तोवर अनेक साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते. पीथमपूरमध्ये कामगारांचे गेट पास, पगाराच्या चिठ्ठ्या, मोबाइलवरील छायाचित्रे आणि वृद्धांच्या मुलाखती आजच जमविता येतील. मात्र प्रत्येक नोंदीबरोबर देणाऱ्याचे नाव, तारीख व संमती हवी. अन्यथा उद्याच्या संशोधकाच्या हाती पुन्हा एक अनामिक छायाचित्र तेवढे उरेल.