माइकच्या अलीकडचे घराणे, पलीकडचे घराणे

वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी संगीतसमीक्षेला एक भक्कम चौकट मिळाली. घराणे म्हणजे रागांची यादी नव्हे, ठेवणीतल्या बंदिशींची पेटीही नव्हे. आवाजाचा विशिष्ट लगाव आणि स्वर व लय यांचे परस्परांतले प्रमाण यांतून घराण्याचा चेहरा घडतो, ही त्या पुस्तकाची मूळ मांडणी आजही आपल्या बहुतेक मैफल-परीक्षणांच्या तळाशी असते. किराणा स्वराकडे झुकलेले, आग्रा लयीकडे, जयपूरमध्ये दोहोंचा तोल, ही विभागणी आपण इतक्या सहज उच्चारतो की तिच्यामागे एक अट दडलेली आहे, याचे भान राहत नाही. ती अट अशी, की श्रोत्याच्या कानावर जे पडते ते गायकाच्या गळ्यातून निघालेलेच असते.

गेली पंचवीस वर्षे मी पेटीची साथ करतो. गावच्या उत्सवापासून वातानुकूलित नाट्यगृहापर्यंत सगळीकडे बसून झाले आहे. या अनुभवावरून एवढे नक्की म्हणता येते, की ती अट आज जवळपास कुठेच पुरी होत नाही. गळा आणि कान यांच्यामध्ये माइक, वायर, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर आणि सभागृहाच्या भिंती असतात. या साखळीतली प्रत्येक कडी लगावावर आणि लयीवर काही ना काही करते. तरीही आपली समीक्षा या साखळीला ‘ध्वनिव्यवस्था चांगली होती’ किंवा ‘माइकने त्रास दिला’ अशा शेवटच्या ओळीत उरकते, जणू ती चहापाण्याच्या व्यवस्थेसारखीच एक गोष्ट. माझा मुद्दा असा की ही बाब परिशिष्टाची नाही, मुख्य मजकुराची आहे.

प्रथम लगाव. गायकासमोर सर्रास ठेवला जातो तो माइक समोरचे जास्त आणि मागचे कमी ऐकतो. अशा माइकचा एक स्वभाव असा, की तोंड अगदी जवळ नेले की खालचे, भरदार ध्वनी वाढून येतात. वीतभर मागे सरले की तोच आवाज पातळ होतो. म्हणजे ‘घुमारदार मंद्र’ हा गुण कधी गळ्याचा असतो, तर कधी चार बोटांच्या अंतराचा. जाणता गायक हे अंतर वाजवतो. मंद्रात पुढे झुकतो आणि तार षड्जावर मान बाजूला घेतो. ज्याला हे साधत नाही त्याची तार सप्तकातली पुकार स्पीकरमधून कर्कश येते. मग साउंडवाला तिची धार काढण्यासाठी वरचे ध्वनी कापतो आणि त्याबरोबर आकाराचा मोकळेपणाही कापला जातो. दुसऱ्या दिवशी परीक्षणात ‘आवाज दबलेला वाटला’ असे येते. तो दाबला कोणी, हा प्रश्न विचारला जात नाही.

माइक नव्हता तेव्हा आवाज वाढवण्याचे काम कोण करीत होते, याचे उत्तर मराठी रंगभूमीकडे आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली आले. पुढच्या अर्धशतकात संगीत नाटकाने शेकडो माणसांच्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे गाणे घडवले. त्यासाठी पल्लेदार, टोकदार, उंच पट्टीतला आवाज लागे आणि त्या आवाजामागे सतत वाहणारा स्वरांचा पाट लागे. पायपेटी आणि ऑर्गन यांनी तो पुरवला. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला असे. हा निव्वळ थाट नव्हता. विजेशिवाय आवाज भरीव करण्याची ती युक्ती होती. गायक श्वास घेतो त्या क्षणी ऑर्गन जागा भरून काढतो, त्यामुळे प्रेक्षकाला स्वर तुटल्याचे जाणवत नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने पेटीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, पण तिचे मूळ काम हे भरावाचे होते.

माइक आला तेव्हा ही गरज संपायला हवी होती. भावगीताच्या बाबतीत ती संपलीही. गजाननराव वाटवे यांनी भावगीत गणेशोत्सवाच्या मांडवात नेले, ते ध्वनिक्षेपकाच्या आधारावर. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि सुधीर फडके यांचा संयत, शब्द न शब्द जपणारा आवाज घराघरांत गेला. संगीत नाटकाच्या जमान्यात असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणे कठीण होते. हळू बोलल्यासारखे गाणे ही माइकची देणगी आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. ख्यालगायकीतही विलंबित मंद्राचे सूक्ष्म काम मोठ्या समुदायापुढे करता आले, ते माइकमुळेच.

पण शास्त्रीय मैफलीत पेटी मात्र ऑर्गनच्या सवयीनेच वाजत राहिली. भरावाची गरज उरली नाही, भराव उरला. माझ्या मते आपल्या साथसंगतीचा हा सर्वांत दुर्लक्षित पेच आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. त्या वादात मींड निघत नाही आणि श्रुती सापडत नाहीत, हे दोन आक्षेप गाजले. दुसऱ्या आक्षेपाचे गणित साधे आहे. समान अंतरांच्या सप्तकात पेटीचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट). पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार ३४६.५ हर्ट्झचा येतो आणि पेटीचा तोच गांधार ३४९.२ चा. दोन्ही एकत्र ऐकू आले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे उठतात.

आता बैठकीत, माइकशिवाय, हे हेलकावे मागच्या तंबोऱ्यांच्या झंकारात विरतात, कारण पेटीवाला भाता हलका ठेवू शकतो. नाट्यगृहात पेटीला स्वतंत्र माइक लागतो, तिची पातळी साउंडवाला ठरवतो आणि तंबोरा बहुधा सर्वांत मागे पडतो. मग भूप किंवा यमन गाताना गायकाचा गांधार आणि पेटीचा गांधार यांतले भांडण स्पीकरमधून थेट श्रोत्यांवर येते. वादकाकडे एकच उपाय उरतो : त्या स्वरावर थांबायचे नाही, बोट ठेवून लगेच उचलायचे. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी तयार करून या दुखण्याच्या मुळाला हात घातला आहे. पण मैफलींत आजही बहुतेक ठिकाणी स्केलचेंजर पेटीच दिसते, कारण तिच्यावर एकाच दिवशी काळी एक आणि काळी पाच अशा दोन्ही पट्ट्यांच्या गायकांना साथ करता येते. रोजीरोटीने वाद्य निवडले आहे, सौंदर्यदृष्टीने नव्हे.

तंबोऱ्याची कथाही याच जातीची. मिरजेचे कारागीर भोपळ्यातून तंबोरा घडवतात आणि घोडीवर दोरा सरकवून जवारी उघडतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण १९७९ च्या सुमारास बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि प्रवासी कलावंताच्या पिशवीत जाऊन बसला. त्याला हवा लागत नाही, तो उतरत नाही आणि रेल्वेत फुटत नाही. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेडीला झंकार थोडा वेगळा उमलतो. यंत्रात तेच आवर्तन फिरते. त्यावर रियाज केलेल्या पिढीचा स्वरलगाव कसा बदलला, हा संशोधनाचा विषय आहे, पण घराण्यांवरच्या लेखांत त्याला जागा नाही.

दुसरा ध्रुव लयीचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचासमोरच्या स्पीकरचे तोंड श्रोत्यांकडे असते. कलावंताला ऐकू येते ते मागच्या भिंतीवर आपटून परत आलेले. भिंत ३० मीटरवर असेल तर जाऊन येऊन ६० मीटर, म्हणजे ०.१७ सेकंदाहून थोडा जास्त उशीर. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा ०.२ सेकंदाची. म्हणजे कलावंताला जवळजवळ एक मात्रा शिळा ठेका ऐकू येतो. यासाठीच मंचावर कलावंताकडे तोंड केलेला मॉनिटर स्पीकर लागतो. तो मिळाला नाही किंवा त्यात तबला नसून फक्त स्वतःचाच आवाज असला, तर समेवर येणे हे कौशल्याइतकेच अंदाजाचे काम होते. मॉनिटर वाढवावा तर माइक शिट्टी मारतो. या ओढाताणीत गायक तानेचा शेवट थोडा आधी आवरतो आणि आपण लिहितो की लयीचा आत्मविश्वास कमी पडला.

तबल्याची अडचण आणखी जिवंत असते. बाहेर पावसाची दमट हवा आणि आत वातानुकूलन, अशा ठिकाणी चामडे तासाभरात आपला स्वर बदलते. पेटीचे पितळी सूर मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून वादक दोन आवर्तनांच्या फटीत हातोडीने गजऱ्यावर ठोके देतो. त्यात डग्ग्याला वेगळा माइक दिला असेल तर त्याचा घुमारा सगळ्यावर चढतो आणि स्वरप्रधान गायकी सभागृहात लयप्रधान वाटू लागते. घराण्याचा तोल मिक्सरच्या एका सरकपट्टीने हलतो तो असा.

वेळेचाही प्रश्न याच साखळीला जोडलेला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सवलतीच्या मोजक्या दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. नियमामागचे कारण रास्त आहे, आजारी माणसाच्या झोपेपुढे मालकंसाचा हट्ट धरता येत नाही. पण परिणाम असा झाला, की खुल्या मांडवात रात्र चढत जाऊन पहाटेला पोचणारी मैफल जवळपास संपली. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेवर ऐकण्याची सवयही तिच्याबरोबर गेली. मैफलीचा आकार आता गायकाच्या दमावर ठरत नाही, घड्याळावर ठरतो.

यावर उपाय म्हणून माइक फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. तीनशे माणसांना निव्वळ गळ्यावर ख्याल ऐकवणे आज शक्य असले तरी शहाणपणाचे नाही. मागणी समीक्षेकडे आहे. शिल्पावर लिहिताना दगड कोणता, प्रकाश कुठून येत होता, हे आपण पाहतो. तसे मैफलीवर लिहिताना सभागृह कोणते, समीक्षक कुठल्या रांगेत होता, पट्टी कोणती, तंबोरे खरे की यंत्राचे, पेटी आणि डग्गा कितपत पुढे होते, एवढे चार वाक्यांत सांगावे. मगच लगाव आणि लय यांबद्दल निवाडा द्यावा. साउंडवाल्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापावे, कारण त्या संध्याकाळी तोही एक साथीदार असतो, आणि साथीदाराची जबाबदारी नाव घेतल्याशिवाय ठरत नाही.

‘घरंदाज गायकी’ची चौकट त्याने मोडत नाही. उलट तिच्यातल्या सर्वांत मौल्यवान शब्दाला, म्हणजे ‘लगाव’ या शब्दाला, पुन्हा वजन येते. ज्या लगावासाठी एखादी मुलगी पहाटे चारला उठून वर्षानुवर्षे खर्ज भरते, तो तिचाच आहे की सरकपट्टीचा, एवढे ओळखण्याचे कष्ट तिच्याबद्दल लिहिणाऱ्याने घेतलेच पाहिजेत.