उट्झन यांची दोन दगडी घरे : कान लिस आणि कान फेलीस

स्थानिक दगडातले आधुनिक घर शिकवताना एक छायाचित्र हमखास दाखवले जाते. सोनेरी दगडाचे खांब, त्यांच्यामधून दिसणारा निळा भूमध्य समुद्र, आणि चित्रात माणूस एकही नाही. ते घर म्हणजे कान लिस. सिडनी ऑपेरा हाउसचे काम अर्धवट असताना, १९६६ मध्ये, त्यातून बाहेर पडलेले डॅनिश वास्तुविशारद योर्न उट्झन यांनी ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या मायोर्का बेटावर, पोर्तो पेत्रोजवळच्या कड्यावर, स्वतःच्या कुटुंबासाठी बांधले. ‘कान’ म्हणजे तिथल्या भाषेत अमक्याचे घर, आणि लिस हे त्यांच्या पत्नीचे नाव. हे घर चांगले आहे का, असा साधा प्रश्न मला इथे विचारायचा आहे.

आधी समुद्र बाजूला ठेवा आणि दगड पाहा. त्याचे नाव मारेस. वालुकाश्मासारखा दिसणारा, चुनखडीयुक्त, सच्छिद्र आणि मऊ. पाल्मा शहराचे जुने कॅथेड्रलही याच जातीच्या दगडाचे आहे. मारेस करवतीने कापता येतो. कोकण, गोवा किंवा केरळमधल्या विद्यार्थ्यांनी खाणीतून निघणारा जांभ्याचा चिरा आठवावा, सौराष्ट्रातल्यांनी पोरबंदरचा दगड. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट मात्र असा सहज कापला जात नाही. तो छिन्नी-हातोडीने घडवावा लागतो, म्हणून त्याच्या भिंतीचे गणितच वेगळे.

खाणीतून मारेसचे ठोकळे ठरावीक मापात येतात, २० आणि ४० सेंटिमीटरच्या पटीत. उट्झन यांनी ते माप जसेच्या तसे घेतले. खांबाची जाडी, भिंतीची रुंदी, दाराची मोकळी जागा, सगळे त्या ठोकळ्याने ठरवले. गोल करवतीचे ओरखडे त्यांनी तासून काढले नाहीत आणि गिलावाही केला नाही. तिरपे ऊन पडले की ते ओरखडे भिंतीवर उमटतात. काँक्रीटच्या भिंतीवर पातळ दगडी फरशी चिकटवून ‘स्थानिक साहित्य’ असे लिहिणाऱ्या आराखड्यांशी याची तुलना करून पाहा. तिथे दगड काढून टाकला तरी घराच्या मापात काही फरक पडत नाही. इथे ठोकळ्याचे माप बदलले की सगळा नकाशा बदलतो.

पण कौतुक करणारे बहुतेक जण छताकडे पाहत नाहीत. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, हे तुम्ही पहिल्या वर्षीच शिकलात. म्हणून वर तयार काँक्रीटच्या तुळया आहेत आणि त्यांच्यामध्ये भाजलेल्या मातीच्या वक्र फरशा. बेटावरच्या साध्या घरांत वापरली जाणारी ही स्वस्त पद्धत. मला हा घराचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण सगळे काही दगडच करतो आहे असा आव त्यात नाही.

आता खिडक्या. घर एकसंध नाही. कड्याच्या कडेने वेगवेगळ्या कोनांत उभ्या केलेल्या स्वतंत्र इमारती आहेत. बैठकीच्या दालनात दगडी भिंतीतून खोल बोगद्यासारख्या खिडक्या बाहेर जातात. चौकटी बाहेरच्या बाजूने बसवल्यामुळे आतून फक्त दगड आणि समुद्र दिसतो. पश्चिमेच्या भिंतीत उंचावर एक अरुंद फट आहे. दुपार कलल्यावर तिच्यातून उन्हाचा पट्टा थोडा वेळ भिंतीवर सरकतो आणि जातो. ही फट मी वर्गात नेहमी दाखवतो.

अडचण त्या मोठ्या खिडक्यांची आहे. खोल बोगदा थेट सूर्यकिरण अडवतो, पण पाण्यावरून परतणारा उजेड अडवत नाही. आतला दगड सावलीत, समोर झगझगणारा समुद्र. डोळ्याला एकाच वेळी दोन टोकांशी जुळवून घ्यावे लागते. उट्झन यांच्या डोळ्यांना या प्रकाशाचा त्रास होऊ लागला. घर पाहायला येणाऱ्यांची वर्दळ होतीच. शिवाय मऊ, सच्छिद्र दगडाला खारा वारा मानवत नाही, हे कोकणात सांगायला नको. अखेर या दांपत्याने त्याच बेटावर, समुद्रापासून आत डोंगरउतारावर, दुसरे घर बांधले : कान फेलीस, १९९४.

तेही मारेसचेच. पण इथे उतारावर चौथरे आहेत, वर कौलांची उतरती छपरे, आणि उंच बैठकीच्या दालनात पुस्तके. समुद्र दिसतो तो झाडी आणि शेतांच्या पलीकडे, लांबवर. नजर आधी सावलीच्या अंगणावर टेकते, मग हिरव्यावर, शेवटी पाण्यावर. म्हणजे उजेड टप्प्याटप्प्याने वाढतो. दगड तोच, गवंडीकामाची रीतही जवळपास तीच. बदलली ती माणसाची बसण्याची जागा.

कान लिस हे मोठे वास्तुशिल्प आहे, यात मला शंका नाही. घर म्हणून मात्र मी कान फेलीसच्या बाजूने आहे, जरी पुस्तकांत त्याची चित्रे फार कमी सापडतात. माझे मत मानू नका. दोन्ही घरांचे छेद एकाच प्रमाणात काढा, बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सव्वा मीटरवर धरा, आणि तिथून खिडकीबाहेर रेषा ओढून पाहा : कोणत्या घरात ती रेषा आधी कशावर जाऊन पोहोचते?